हूल

"तुमच्याकडे तो गुडघ्याचा पट्टा होता ना, पट्ट्या-बिजागरीवाला? आईंना द्याल का थोडे दिवस?" वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी दारात उभ्या उभ्या विचारलं आणि मी पापणीही न लवता म्हणाले, "अहो, तो कधीच टाकला. गेल्या वर्षीच भंगारवाल्याला दिला." वहिनी "बरं बरं" म्हणाल्या, चिवड्यासाठी मागायला आलेली मोठी कढई घेतली आणि जिना चढून गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज वरच्या दाराशी थांबेपर्यंत मी तशीच दाराला धरून उभी होते. तो पट्टा, माझा ब्रेस, माळ्यावर होता. चारच दिवसांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत मीच तो खाली काढला होता, ओल्या फडक्यानं पुसला होता, बिजागऱ्या दोनदा हलवून बघितल्या होत्या आणि गणपतीच्या मखराच्या खोक्यामागं पुन्हा नीट सरकवून ठेवला होता.

शेजारधर्मात अशी खोटी बोलावीच लागतात. इडलीचं भांडं बहिणीकडे गेलेलं असतं, ड्रिल मशीन बिघडलेलं असतं. पण हे खोटं मला गरजेचंच नव्हतं. खरं कारण हाताशी तयार होतं आणि चांगलं सन्माननीय होतं. आजींचं दुखणं झिजेचं. माझा ब्रेस लिगामेंटसाठीचा, म्हणजे सांध्यातली हाडं एकमेकांना बांधणाऱ्या दोरासाठीचा, आणि माझ्या मांडीच्या मापाचा. तो त्यांना लावला असता तर जागेवर राहिला नसता, काचला असता, आणि बिजागरी गुडघ्याच्या सांध्यासमोर न येता भलतीकडेच वाकली असती. हे सगळं मी दोन मिनिटांत सांगू शकले असते. मला ते सांगायला आवडतंही. एकदा ऑपरेशन झालेला माणूस पुढे जन्मभर अर्धा डॉक्टर असतो. तरी मी ते सांगितलं नाही. वस्तूच नाहीशी करून टाकली.

रात्री ओटा पुसताना ते भंगारवाल्याचं वाक्य पुन्हा आठवलं आणि कानशिलं तापली.

डिसेंबर 2022 मध्ये लेकीच्या शाळेत पालकांचे खेळ होते. लिंबू-चमचा झाला, संगीतखुर्ची झाली, आणि मग कुणा उत्साही सरांनी आयांचा खो-खो जाहीर केला. आता आम्ही सांगलीकडच्या शाळेतल्या मुली. आमच्याकडे खो-खो 'येत असे' असं कुणी म्हणत नाही, तो असायचाच, जसं अंगणात जास्वंदीचं झाड असतं. मी पळण्यात बरी होते, पण वेगासाठी नव्हे. माझी ख्याती होती हुलीची. मागची मुलगी अगदी हाताच्या अंतरावर आली की डावा खांदा किंचित टाकायचा, नजरही डावीकडे, आणि तिचं वजन त्या बाजूला गेल्याचं पाठीला कळलं की उजव्या पायावर गिरकी घेऊन दुसऱ्या बाजूला निसटायचं. पाठीला कळायचं म्हणजे खरंच कळायचं. तिच्या पायाखालची माती ज्या बाजूला कचकचली, ती बाजू ऐकू यायची.

एकेचाळिसाव्या वर्षी, कुर्ता खोचून, नव्या स्पोर्ट शूजमध्ये मी त्या चौकात उतरले. पहिलं मिनिट सुरेख गेलं. बसलेल्या आयांमधून मी साखळी घेत पळाले, लेक कडेनं ओरडत होती, आणि मला क्षणभर खरंच वाटलं की मधली पंचवीस वर्षं हा कुठलासा सरकारी घोळ असावा. खांबाजवळ मागच्या बाई जवळ आल्या. मी डावा खांदा टाकला. उजवा पाय रोवला. अंग वळलं, पाय मात्र नव्या बुटाच्या पकडीत जमिनीला चिकटून राहिला, गुडघा आत गेला, आणि आतून 'टप्' असा आवाज आला. ओली भुईमुगाची शेंग बोटांत फोडावी ना, तसा. मी पडले. कुणी मला हातही लावलेला नव्हता. पोरं हसली, त्यांना वाटलं सूर मारला.

पुढे वाचनात आलं की या दुखापतीचा हा अगदी ठरीव प्रसंग आहे. रोवलेला पाय, एकदम बदललेली दिशा, समोरच्याचा धक्काही नाही. आणि तोच खेळ खेळताना बायकांमध्ये तिचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. म्हणजे जिचा मला आयुष्यभर अभिमान, त्याच हालचालीसाठी ते लिगामेंट तिथं असतं, आणि त्याच हालचालीत ते तुटतं.

संध्याकाळपर्यंत गुडघ्याची वाटी दिसेनाशी झाली. जवळच्या एका डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाडं जागेवर होती, तेव्हा "मुरगळलाय, दहा दिवस क्रेप बँडेज बांधा" असं निदान झालं. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांना असायला हवं होतं. आईनं फोनवर आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप सांगितला. मी दोन्ही केलं. तीन आठवड्यांत सूज उतरली, चाल सरळ झाली, आंबेहळदीचा विजय झाला असं आईनं नातेवाइकांत कळवलंही. मग एके सकाळी मंडईत, गवार घेऊन पिशवी खांद्याला लावत मी वळले आणि मांडी इथं राहून नडगी तिकडं गेली. दुखलं फारसं नाही. पण पायाखालची फरशी नव्हे, पायातलाच पाय सरकला, हे जे काही आहे ते ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळेल. भाजीवाल्या मावशींनी दंड धरला म्हणून पडले नाही. गवार मात्र रस्ताभर.

आता माझाच गुडघा मला हूल देत होता.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी चांगला पाय तपासला. एका हातानं मांडी धरली, दुसऱ्यानं नडगी पुढे ओढली. ती जरा हलली आणि 'टक्' अशी थांबली. मग दुखरा. तो पुढे आला, येतच राहिला, थांबण्याची जागाच नव्हती, मागचा अडसर निघालेल्या टेबलाच्या खणासारखा. एमआरआय नंतर झाला, पण निकाल तिथंच लागला होता. डॉक्टरांनी तर्जनीवर मधलं बोट चढवून दाखवलं: गुडघ्याच्या मधोमध अशी दोन लिगामेंट एकमेकांना छेद देऊन असतात, पुढचं नडगीला पुढे सरकू देत नाही, पिळू देत नाही. ते पुढचं, एसीएल, पूर्ण तुटलं होतं. बाजूचं लिगामेंट असतं तर बहुतेक वेळा नुसत्या हिंजवाल्या ब्रेसमध्ये काही आठवड्यांत जुळतं, म्हणाले. हे मधलं मात्र सांध्याच्या पाण्यात बुडालेलं. तिथं रक्त साकळून खपली धरतच नाही, टोकं तशीच लोंबत राहतात.

हॉस्पिटलसमोरच्या सर्जिकल दुकानात काचेमागं प्लास्टिकचे पाय एका ओळीत उभे होते. काउंटरवरच्या पोरानं विचारलं, "नी कॅप, हिंजवाला, का लाँगवाला?" लाँगवाला. त्यानं सलवारीवरूनच टेप गुंडाळून माप घेतलं आणि घरी येईस्तोवर पट्टा जुन्या मोज्यासारखा घोट्यापर्यंत घसरला होता. दुसऱ्या दिवशी बदलून आणला. मांडीच्या निम्म्यापासून पोटरीच्या निम्म्यापर्यंत लांब, आत स्पंज, दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, गुडघ्याशी दोन गोल बिजागऱ्या आणि त्यांवर अंशांचे आकडे. किती वाकू द्यायचं ते एका खिट्टीनं ठरवता येई. मार्च 2023 मध्ये ऑपरेशन झालं. माझ्याच मांडीच्या मागून दोन कंडरा काढल्या, दुमडून त्यांचा दोर केला आणि हाडांना भोकं पाडून त्यांतून ओवला. आधी ब्रेस सरळ कुलूपबंद. मग तीस अंश, मग साठ, मग नव्वद. प्रत्येक वेळी खिट्टी सरकली की घरात पेढे वाटण्याएवढा आनंद.

एप्रिल-मेच्या पुण्यात तो ब्रेस म्हणजे पायाला बांधलेली गोधडी होती. गुडघ्याच्या मागे घामोळं उठलं, स्पंजला पावसाळ्यातल्या दप्तराचा वास यायला लागला. वेल्क्रो दिसेल त्याला धरायचं: ओढणी, साडीचा पदर, लेकीची वेणी. आणि तो काढतानाचा 'चर्रर्र' आवाज! रात्री अकराला तो आला की खालच्या काकांना कळायचं मी झोपायला निघाले, तसं त्यांनी मला सांगितलंही. भाचीच्या घरच्या सत्यनारायणाला मी खुर्चीवर, पाय पुढे लांब करून बसले होते. तीर्थ-प्रसाद घेऊन येणारा प्रत्येक जण आधी त्या पायाला वळसा घालायचा, अगदी तो पूजेतलाच एखादा मांडलेला भाग असावा तसा. विलायती व्यायामाच्या तक्त्यात पळणं, उडी मारणं असं काय काय असतं, मांडी घालून जेवायला बसणं कुठंच नसतं. मला तेच हवं होतं.

पण ब्रेसनं काय धरलं? हा प्रश्न फिजिओनं फार लवकर निकालात काढला. चोविसेक वर्षांची मुलगी, मला ताई म्हणायची आणि सैनिकासारखं राबवायची. ऑपरेशननंतर पहिल्यांदा ती म्हणाली, "मांडी घट्ट करा." मी केली. म्हणजे मनानं केली. मांडी भिजवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी पडून राहिली, जणू दुसऱ्या कुणाची. गुडघ्यात सूज असली की मेंदूच त्या स्नायूला रजेवर पाठवतो, म्हणाली. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती दाबायची, दहा मोजायचं, सोडायचं. पाच दिवसांनी वाटीच्या वर, आतल्या बाजूला, कातडीखालून काहीतरी किंचित थरथरलं. आम्ही दोघी त्याकडे बघत राहिलो. "ब्रेस गुडघ्याला धरत नाही ताई," ती म्हणाली, "ही धरते." मग तिनं माझ्या पर्समधलं बॉलपेन घेतलं आणि मांडीच्या पट्ट्यावर, तो जिथं येऊन चिकटत होता तिथं, एक रेघ मारून खाली तारीख घातली. दर पंधरा दिवसांनी नवी रेघ. मांडी भरत गेली तशी रेघ बाहेरच्या बाजूला सरकत गेली.

पाय उशीवर ठेवून पडल्या पडल्या रात्री मी फोनवर वाचत बसे. अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 1984 मध्ये या ब्रेसचे तीन वर्ग पाडले होते: दुखापत होऊ नये म्हणून घालायचे, ऑपरेशननंतर सांभाळायचे, आणि लिगामेंट नसलेल्या पायानं वावरण्यासाठीचे. पुढे त्याच संघटनेनं 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं की ऑपरेशननंतर सरसकट ब्रेस वापरल्यानं फायदा दिसत नाही. वाचलं आणि घामोळं दुप्पट खाजायला लागलं. स्वीडनमधल्या एका चाचणीत, तिचे निष्कर्ष 2010 मध्ये छापले गेले, 121 तरुण, धडधाकट रुग्णांपैकी निम्म्यांना लगेच ऑपरेशन आणि निम्म्यांना आधी फक्त व्यायाम, गरज वाटली तर मागून ऑपरेशन असं ठेवलं होतं. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारख्याच तक्रारी सांगत होते. आणि माझे टाके सुकल्यावर, 2023 च्याच मध्याला, ऑस्ट्रेलियातून बातमी आली. तिथल्या 80 रुग्णांचा गुडघा ताज्या दुखापतीत चार आठवडे नव्वद अंशांत ब्रेसमध्ये वाकवून ठेवला, मग हळूहळू सोडत बारा आठवड्यांनी ब्रेस काढला. तीन महिन्यांच्या एमआरआयमध्ये 90 टक्क्यांच्या लिगामेंटमध्ये जुळण्याच्या खुणा दिसल्या. जे जुळत नाही म्हणून मला बोटांवर बोटं चढवून सांगितलं होतं, ते. त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता, रक्ताच्या गुठळ्यांची भीती होती, आणि मंडईत गवार सांडली तेव्हाच माझी वेळ टळून गेली होती, हे सगळं मला कळत होतं. तरी त्या रात्री मी क्रेप बँडेजवाल्या डॉक्टरांना मनातल्या मनात बरंच काही बोलले.

एक गोष्ट वाचून मात्र हसू आलं. आपल्याकडे 'अक्कल गुडघ्यात' ही शिवी आहे. तर गुडघ्यात खरंच अक्कल असते. लिगामेंटमध्ये मज्जातंतूंची टोकं असतात, सांधा कुठं आहे, किती वळलाय, हे ती क्षणोक्षणी वर कळवत असतात. लिगामेंट तुटतं तेव्हा दोराबरोबर तो निरोप्याही जातो. नवा ओवलेला दोर आधी मुका असतो. वर तो लबाडही: आत गेल्यावर तो जुना जीव टाकतो, नव्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात, आणि दोन-तीन महिन्यांच्या सुमारास, नेमकं आपल्याला "झालं आता बरं" वाटायला लागतं तेव्हा, तो सगळ्यात कच्चा असतो. पुन्हा हूल. म्हणून खेळणाऱ्यांना नऊ महिने थांबवतात. ब्रेस किंवा साधी नी कॅपसुद्धा त्या काळात काय करते, तर कातडीला स्पर्श देते, ऊब देते, बाहेरून सारखं सांगत राहते की गुडघा इथं आहे, इथं आहे. ज्याला आतून काही ऐकू येत नाही त्याला हे काही थोडं नाही.

आणि ब्रेस दुसऱ्यांनाही सांगतो, हे लिहायला हवं. सलवारीवरून बांधला की पीएमटीत कॉलेजची पोरं टुणकन उठायची. ऑफिसात माझा डबा कुणीतरी धुऊन आणायचं. घरी नवऱ्यानं चार महिने सकाळचा चहा केला, आणि बरा केला. एकदा पाऊस होता म्हणून मी ब्रेस सैल पँटच्या आत घातला; त्याच बसमध्ये, त्याच गुडघ्यानं, स्वारगेटपर्यंत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा वरून. फिजिओनं "आता सोडा" म्हटल्यावर मी तीन आठवडे जास्त घातला. घरी सांगितलं की तिनं घालायला सांगितलाय. म्हणजे या ब्रेसच्या बाबतीत मी वहिनींशी बोलले ते पहिलं खोटं नव्हतं.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्याला आम्ही सगळे टीव्हीसमोर, मी खाली सतरंजीवर, मांडी घालून. प्रियांका इंगळे कप्तान, म्हणजे आपल्याकडचीच पोर. मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं. लेक टाळ्या पिटत होती. मी बघत होते फक्त पाय. खांबाजवळ कुणी वळली, उजवा पाय रोवला, अंग फिरलं, आणि गुडघा तिच्याबरोबर फिरला, आज्ञाधारक. दर वळणाला माझा तळहात आपोआप माझ्या वाटीवर जात होता. सामना संपला तेव्हा पायजम्यावर घामाचा ओला गोल उमटला होता.

वहिनी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टूल घेतलं आणि ब्रेस खाली काढला. पलंगावर बसून बांधून बघितला. मांडीच्या पट्ट्यावर आठ रेघा होत्या. निळ्या, एक हिरवी, त्या दिवशी निळं पेन सापडलं नव्हतं. 'चार एप्रिल'च्या रेघेला पट्टा ओढून बघितला, तिथपर्यंत येईचना. चांगला चार बोटं अलीकडे अडला. वेल्क्रोत लेकीचा एक लांब केस अजून होता. तो काढावा की नाही हे ठरवण्यात मी उगाचच पाच मिनिटं घालवली. मग काढला नाही, ब्रेस पिशवीत घातला आणि वर गेले.

आजी खिडकीशी खुर्चीत बसून मेथी निवडत होत्या. वहिनी घरात नव्हत्या, त्याचं मला हायसं वाटलं. पिशवीतून ब्रेस काढला तसा आजींनी चष्मा वर सरकवला. "सून म्हणाली, भंगारात गेला."

"गेला नव्हता."

"हं," म्हणाल्या आणि ब्रेस हातात घेऊन बिजागरी वाजवून बघितली, अगदी मी वाजवली होती तशीच. "बाई गं, हे तर घोड्याला घालायचं दिसतंय. सुनेचं उगाच. माझं मी केलंय बघ." त्यांनी लुगड्याचा काठ गुडघ्याच्या वर घेतला. दोन्ही गुडघ्यांवर राखाडी लोकरीचे दोन घट्ट पट्टे होते, वरच्या बाजूला दोरा घालून दुमडलेले. स्वेटरच्या बाह्या. "ह्यांचा होता. बाकीचा उशीत भरला." मी हात लावून बघितला. गरम होते.

मला बरंच काही सांगायचं होतं, झिजेचं, मापाचं, ऊब आणि स्पर्शाचं. पण त्या बाह्यांपुढे ते सगळं आधीच सांगून झाल्यासारखं होतं. तेवढ्यात आजीच म्हणाल्या, "पट्टा राहू दे. जिना कसा चढायचा ते सांग. तू तेव्हा एकेक पायरी घ्यायचीस, ठरवून. मी वरून बघायचे." आम्हाला लिफ्ट नाही, आजी महिन्यातून दोनदा मारुतीला उतरतात आणि परत येताना दर मजल्याला थांबतात.

मग मेथी बाजूला ठेवून आम्ही बाहेर जिन्यात आलो. कठडा कुठल्या हाताला धरायचा ते दाखवलं. फिजिओनं मला पाठ करून घेतलं होतं तसंच म्हणून दाखवलं, "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी." स्वतः दोन पायऱ्या उतरून, दोन चढून दाखवल्या. आजींनी पदर खोचला, कठडा धरला, ओठांतल्या ओठांत पुटपुटल्या: चढताना चांगला, उतरताना दुखरा. एक पाय उचलला. तो तसाच अधांतरी ठेवून माझ्याकडे वळल्या.

"आणि गं," म्हणाल्या, "दोन्ही दुखरे असले तर?"